बुडबुड्याएवढा उतार

मंचरला राहायला गेल्यापासून मला वाऱ्याची चव कळेनाशी झाली आहे. घर हायवेला लागून, समोर कांद्या-बटाट्याच्या गाड्यांची रांग. खिडकी उघडली की डिझेल आणि सडका कांदा मिळून जे काही आत येतं, त्याला मी इतकी वर्षं हवा म्हणत आलो. परवा गावी, आण्याच्या पठारावर एसटीतून उतरलो, मार्गशीर्षातला सणसणीत वारा एकदम छातीत शिरला आणि मला चक्क ठसका लागला.

"काय पावणं, सोसंना का आमची हवा?" कंडक्टर दारातून म्हणाला.

"पावणा न्हाई राव, हितलाच हाय मी."

त्याने माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं, मग बुटांकडे, आणि बेल मारली.

घरी न जाता मी आधी चहाकाकूच्या वावरात गेलो. चहाबाई हे नाव आमच्याकडे असतं, हसू नये. चहाकाकू ही आमची वरच्या अंगाची शेजारीण. तिचं वावर वर, आमचं खाली, मध्ये दगड रचून घातलेला बांध. त्याला आम्ही ताल म्हणतो. नवरा लवकर गेलेला, एकुलती लेक सासरी दिलेली. या बाईला जगात आपलं म्हणायला तेवढंच एक वावर. आता काकू नाही. लेक-जावई इथे येऊन राहिले आहेत, आणि वावरात हरभरा उभा आहे, गुडघ्याला टेकेल एवढा. मी बूट काढून आत शिरलो. मूठभर माती उचलून हुंगली. भाजलेल्या हुलग्याचा आणि ओल्या गोणपाटाचा वास एकत्र केला तर जसा येईल तसा वास. तोच. त्या वासाने मान खाली गेली माझी. कारण हे वावर एकदा निघून गेलं होतं, आणि ते घालवणारा गडी मी होतो.

ते नव्वदीतले उन्हाळे आठवले की पहिल्यांदा कानात टँकर येतो. घाट चढताना तो असा कण्हायचा की गावातली कुत्री आधी उठायची, मग बायका. टँकर विहिरीत पाणी ओतायचा, विहिरीचा तळ दुधाळ व्हायचा, आणि पाण्याला लोखंडाचा, डिझेलचा, थोडा कुजक्या पाल्याचा वास यायचा. आम्ही त्या वासाला पाण्याचाच वास समजायचो. पुढे पुण्यात नळाचं पाणी प्यायलो तेव्हा मला ते अळणी लागलं होतं. आंघोळ बाजेवर बसून करायची, खाली घमेलं ठेवायचं. घमेल्यातलं पाणी धुण्याला, धुण्याचं पाणी अंगणातल्या शेवग्याला. उन्हं कलली की लांब खाली कालव्याची रेघ चमकायची. पाणी होतं, दिसत होतं, फक्त आमचं नव्हतं.

खालच्या गावांतले लोक म्हणायचे, पठारावर पोरगी देऊ नका, हंडे वाहून मान मोडेल तिची. चहाकाकू एकदा बाजारात असं बोलणाऱ्याला म्हणाली होती, "मोडत न्हाई भाऊ, ताठ हुती. बघ माझी."

माती तर पाण्याहून कमी. टिकाव मारला की खण्ण आवाज, म्हणजे मुरूम आला. काही वावरांत वितीवर खण्ण व्हायचं, काहींत बोटावर. चहाकाकूच्या वावरात मात्र टिकाव चांगला हातभर मुका जायचा. ती माती पूर्वी कधीतरी तिच्या सासऱ्याने तळ्यातल्या गाळाच्या पाट्या डोक्यावर आणून पसरलेली. उरलेली तिने स्वतः. म्हणजे ते वावर कुणी तिला दिलेलं नव्हतं, बाईने ते केलं होतं, जशी भाकरी करतात तसं.

तर अशा पठारावर पाणलोटाची योजना आली, आणि मी शेतकीची पदविका घेऊन घरी आलो. दोन्ही एकाच वर्षी. गावाचं नशीब.

डोंगरउतारावर आडवे समतल चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी धावणार नाही, चरात बसेल आणि जमिनीत मुरेल. कल्पना उत्तम. चर कुठून कसा न्यायचा त्या रेघा फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, आखायच्या होत्या. योजनेच्या साहेबांकडे गावं फार आणि दिवस थोडे. त्यांनी माझी पदविका बघितली आणि फक्कीची गोणी माझ्या हवाली केली. मी त्या दिवसापासून गावात चालताना हात मागे बांधायला लागलो.

आखणीला लागते पाण्याची पारदर्शक नळी. दोन टोकं दोन काठ्यांना बांधायची. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर आलं की ती दोन ठिकाणं एका पातळीत. अशी नळी गावात एकाकडेच होती. जुन्नरचे रज्जाकभाऊ गवंडी तेव्हा शाळेची खोली बांधत होते, त्यांच्याकडे. पाणी नीट दिसावं म्हणून ते त्यात चिमूटभर कपड्याची नीळ टाकायचे.

"ह्ये बघा राव," नळी देताना ते म्हणाले, "आत हवा ऱ्हाऊ दिऊ नका. बादली उंचावर ठिवायची, एक टोक पाण्यात, दुसरं त्वांडात. वढायचं. समदा बुडबुडा भाईर आला पायजे. न्हाईतर नळी खोटं बोलती."

आता माझी अडचण समजून घ्या. चर खणायला निम्मं गाव डोंगरावर आलेलं. त्यात पोरीही होत्या. तोंडाने नळी ओढायची म्हणजे दात निळे होणार. पदविकाधारक माणूस, हात मागे बांधून चालणारा, तो निळे दात घेऊन हिंडणार? मी एका आडोशाला गेलो आणि तांब्याने वरूनच नळीत पाणी ओतलं. भरली. मधोमध बोराएवढा एक बुडबुडा राहिला. मला तो दिसला होता. खोटं कशाला सांगू, दिसला, आणि आवडलासुद्धा. नळी हलवली की माशासारखा इकडून तिकडे सरकायचा.

त्या बुडबुड्याने दर दहा पावलांना दोन बोटं उतार दिला. डोळ्यांना न कळणारा. मी तो अख्ख्या डोंगरावर पांढऱ्याशुभ्र फक्कीने आखला आणि गावाने वैशाखाच्या उन्हात टिकावांनी खणला.

एकटी चहाकाकू चराच्या कडेला उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, ह्यो चर चालतोय. बसत न्हाई."

"काकू, चर कुठं चालतो का? लेव्हल लावलीय."

तिने आपला प्यायच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि चरात ओतला. टँकर तीन दिवसांनी यायचा असताना. पाणी धुळीत क्षणभर थबकलं, मग एक बारीक जीभ काढून हळूच एका बाजूला निघालं. हातभर गेलं आणि जिरलं.

"दिसलं का?"

"दिसलं. तांब्याभर पाणी वाया घालवलंत," मी मोठ्याने म्हणालो. पोरी हसल्या. मीही हसलो. ते हसू अजून मला कधीकधी दाढी करताना आरशात भेटतं.

मृग, आर्द्रा कोरडेच गेले. मधल्या नक्षत्रांत रिमझिम. चरांचा कस लागला नाही. मग आला हस्ताचा पाऊस. आमच्याकडे हस्त येतो तो पूर्वेकडून, काळ्या ढगांत तांबूस कड घेऊन, आणि तास-दोन तासांत वर्षाचं उरकून जातो. त्या दुपारी तसंच झालं. डोंगरावरच्या प्रत्येक चरातलं पाणी मी दाखवलेल्या वाटेने शिस्तीत एका टोकाला गेलं. ते टोक होतं बरोबर चहाकाकूच्या वावराच्या डोक्यावर.

संध्याकाळी उघडीप झाल्यावर आम्ही गेलो. ताल फुटला होता. कापून ठेवलेल्या बाजरीच्या पेंढ्या नव्हत्या. आणि जिथे वावर होतं तिथे तांबडा, उघडा, ओला मुरूम चमकत होता. सोललेल्या जनावरासारखा. काकू फुटलेल्या तालाच्या दगडावर बसली होती. रडत नव्हती. एसटीने गेलेल्या माणसाच्या वाटेकडे बघावं तशी खाली बघत होती.

खाली आमचं वावर होतं. आणि तिची बरीचशी माती तिथे येऊन थांबली होती. काही ओढ्याने गेली, पण उरलेली आमच्या वावरात वीतभर पसरली होती, काळी, लोण्यासारखी मऊ. माझे दादा, म्हणजे वडील, तिच्यात घोट्यापर्यंत रुतून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते दडवायला त्यांनी मिशीवर हात धरला होता.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वरच्याची माती वाहून खालच्याच्या वावरात आली, तर खालचा नांगर घालेपर्यंत ती वरच्याची. त्याने यावं, उचलून न्यावी, कोणी अडवायचं नाही. पण एकदा नांगर फिरला की माती खालच्याची झाली, मग तोंड उघडायचं नाही. हे कुठल्या कागदावर नाही. पण भांडणं झाली ती नांगर कधी घातला यावरून झाली, रीत बरोबर की चूक यावरून कधी नाही.

दादांनी सकाळी उजाडताच बैल जुंपले.

काकूला रीत ठाऊक होती. एका बाईने एका सकाळीत किती पाट्या उचलायच्या? ती तालावर येऊन बसली, बस्स. आणि मी बांधावर उभा. गावभर म्हणत होते, देवाचा पाऊस, कोणाचा इलाज. मी गप्प राहिलो असतो तर आमच्या घरात दर वर्षी पोती जास्त आली असती आणि माझी पदविका भिंतीवर झळकली असती. हे सगळं माझ्या मनात आलं. सगळं. एवढा काही मी सज्जन नव्हतो.

पण नांगराचा फाळ मातीत टेकला तसा मी धावलो आणि बैलांपुढे उभा राहिलो. नाटकातल्या माणसासारखे हात पसरले. डाव्या बाजूच्या ढवळ्याने मला ओळखलं आणि लाडाने पोटात मुसंडी दिली. मी चिखलात बसलो. पुढचं सगळं बोलणं मी बसूनच केलं.

"दादा, थांबा. ही माती देवानं दिली न्हाई. म्या दिली."

"यड लागलं का तुला? ऊठ."

"नळीत बुडबुडा व्हता. चर चुकलं. समदं पाणी म्याच काकूच्या वावरावर सोडलं."

"कसला बुडबुडा?"

"हवेचा."

"एवढाश्या हवेनं एवढी माती जाती व्हय?"

"जाती," वरून चहाकाकू म्हणाली. "म्या सांगितलं व्हतं ह्याला. तांब्या ओतून दावला व्हता."

दादांनी कितीतरी वेळ त्या काळ्या मातीकडे बघितलं. आम्हाला अशी माती आयुष्यात मिळाली नव्हती. मग त्यांनी जू सोडलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "झालं त्ये झालं. गावात बोलू नगंस."

काकूच्या कानाला ते गेलं. "का म्हणून बोलू नगंस? बोलंल की! चावडीवर उभा ऱ्हाऊन बोलंल. न्हाईतर पुढल्या साली लोक परत तसंच चर खांदतील." मग तिने तालावरची रिकामी पाटी माझ्या दिशेने फेकली. "आन तू, बसलाय काय चिखलात म्हशीवाणी? उचल."

चावडीवर बोललो. लोक हसले, दोघे-तिघे मारायला उठले, आणि महिनाभर मला बघितलं की पोरं गालात हवा भरून फुस्स करायची.

पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. उघड्या मुरमावर उभा राहून हळहळला, मग त्याने वही काढली. "काकू, वावर काही राहिलं नाही. पोटखराबा लिहितो. पिकाखाली नसलेली जमीन. सही करा, सरकारी मदत तरी मिळेल."

"खराबा कोणाला म्हणता?"

"अहो, माती कुठाय?"

"हाय की. खाली उतरलीय. गावाला गेलेली सून परत येत न्हाई का? मी आणती तिला." आणि मग तिचा आवाज चढला. "आज तुमी खराबा लिवाल, उद्या कोणी यील आन म्हणंल, हितं काय पिकत न्हाई, द्या आमाला खडी फोडाया. मंग काय खडीचा धुरळा खायाचा आमी? पाणी तर तुमच्या टँकरचं पितोच. वारा तेवढा चांगला ऱ्हायलाय, त्यो बी घालवू? न्हाई करीत सही. मदत नगं मला."

"पुढच्या पीकपाहणीला पीक दिसलं नाही, तर मला लिहावंच लागेल, काकू."

"या तुमी पुढच्या पीकपाहणीला."

मदतीला नाही म्हणणारी बाई भाऊसाहेबांनी पहिल्यांदा बघितली असावी. ते वही मिटून, चष्मा पुसत गेले.

तो हिवाळा माझ्या डोक्यावर आहे अजून. अक्षरशः. टाळूवर पाटीचा घट्टा पडला होता, तिथले केस पुन्हा आलेच नाहीत. पहाटे माती थंडगार, ओल्या मांजरासारखी. दुपारी तीच तापून पाटीच्या भोकांतून मानेवर, पाठीवर, चड्डीत. आमच्या वावरातून तिच्या वावरात, चढण. दादांनी रब्बी सोडून दिली. माती उचलून होईपर्यंत नांगर घालायचा नाही म्हणजे ज्वारीची पेर गेली. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त माझ्याशी शिमग्यापर्यंत कशाबद्दलच बोलले नाहीत. काकू खड्यांतून माती चाळायची आणि गुणगुणायची. मी दमून बसलो की म्हणायची, "काय रं पदविका, पाण्याला लेव्हल लावून देऊ का?"

रज्जाकभाऊंनीही आपली नळी घेऊन चार दिवस पदरचे घातले. डोंगरावर, सगळ्यांदेखत, बादली दगडावर ठेवून त्यांनी नळीचं टोक माझ्या हातात दिलं. मी ओढलं. निळं पाणी घशापर्यंत गेलं. दिवसभर मी निळ्या दातांनी गावात हिंडलो आणि मुद्दाम हसत हिंडलो. चरांत जागोजागी आडवे बांध घातले, नव्या रेघा खणल्या. काकूने तांब्या ओतला. पाणी आपल्या जागी बसून राहिलं, मग तिथेच खाली उतरलं.

पण सगळी माती काही परत आली नाही. ओढ्याने नेली ती नेली. हातभराच्या जागी चार बोटं, कुठे दोन, मध्येमध्ये मुरमाची टकलं. लोक म्हणाले, एवढ्यात काय येतंय? एक वर्ष पडू द्या. पडू दिलं की खराबा, हे काकूला माहीत होतं. तिने हुलगा पेरला. हुलग्याला फार लागत नाही, पाणी नाही, माती नाही, कौतुकही नाही. आमच्यासारखाच तो.

आज इथे उभा राहून मी टाच रोवून बघितली. वितीच्या वर मऊ लागतं आहे. काकूची लेक दर उन्हाळ्यात तळ्याचा गाळ आणते म्हणे. पलीकडच्या दोन डोंगरांचं काय झालं ते मला येताना एसटीतून दिसलं. अर्धे कापलेले, पांढरे, धुरळ्यात. त्या जमिनी कागदावर आधीपासून खराबा होत्या. हा उतार मात्र अजून हिरवा आहे, आणि इथला वारा मंचरच्या माणसाला ठसका लागेल एवढा चांगला आहे. पाणी अजूनही चैत्रात आटतं. अजूनही खालचे लोक विचारतात, पठारावर आहे काय? मी त्यांना भाद्रपदातली ती सकाळ सांगतो.

माती वाहून गेली त्याच्या पुढच्या भाद्रपदात भाऊसाहेब आले, बोलल्याप्रमाणे. हुलग्याचे वेल पसरले होते, पण विरळ, मध्ये मुरूम दिसत होता. ते बांधावर उभे राहिले.

"काकू, ह्याला पीक म्हणायचं का?"

काकूने त्यांच्या टोपीखालून डोकावणाऱ्या चार केसांकडे बघितलं. "तुमी त्याला भांग पाडताच की न्हाई? मंग ह्याला पीक म्हणा. आन ते बूट काढा. वावरात येताय."

भाऊसाहेब आधी लाल झाले, मग हसले, आणि खरंच बूट काढून आत आले. वाकून एक वेल उचलला. वही गुडघ्यावर ठेवून लिहिलं. काकूला वाचता यायचं नाही. तिने वही त्यांच्या हातातून घेऊन माझ्यापुढे धरली.

"काय लिवलंय?"

"हुलगा."

"आन खराबा?"

"त्या रकान्यात काय न्हाई, काकू. रिकामा हाय."

"मोठ्यानं वाच."

"हुलगा!"

"अजून मोठ्यानं. खाली कालव्यापातूर जाऊ दे."

मी छातीत होता नव्हता तेवढा वारा भरला आणि ओरडलो. दोन वेळा, तीन वेळा. तालुक्यात तेव्हा बिबट्याची आवई नुकतीच उठलेली. खालच्या वावरातून दादा कुऱ्हाड घेऊन चढण चढत धावत आले, मागे आणखी दोघे काठ्या घेऊन.

"कुठाय? कुणाला धरलं?"

"बिबट्या न्हाई भावजी," काकू म्हणाली, "हुलगा आलाय. कागदावर आलाय."

दादांनी कुऱ्हाड खाली टेकवली. वेलांकडे बघितलं, वहीकडे, मग माझ्याकडे. गेल्या वर्षभरात नीट असं पहिल्यांदाच. धाप लागलेली होती त्यांना. मग त्यांनी तोंड खाली कालव्याकडे केलं, बैलांना हाक मारायचे तसे दोन्ही तळवे तोंडाशी धरले, आणि ओरडले.